फट नसलेलं यंत्र

जितेंद्रने ते यंत्र चौथ्यांदा उलटं केलं आणि कडेकडेने अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठेही अडकलं नाही. वर बटणं होती, खाली बटणं होती, चार्जरची पिन जायला एक भोक होतं, कानात घालायच्या वायरीला दुसरं होतं. पण सीडी आत सारायला फट नव्हती. मालवणच्या बाजारात अकरा वर्षं व्हिडिओ गेम विकलेल्या माणसाला फट सापडू नये, ही त्याला प्रथम चष्म्याची चूक वाटली. त्याने चष्मा पुसला. मग ती यंत्राची वाटली. कोल्हापूरहून फोंडाघाटाच्या वळणांतून येताना एखादा भाग गळून पडला असेल, घाटात याहून मोठ्या गोष्टी गळून पडतात. काउंटरपलीकडे कंपनीच्या वितरकाचा माणूस, रविराज, बशीत चहा ओतून निवांत पीत होता. दर पंधरवड्याला गुरुवारी तो यायचा, आणि वाईट बातमी असली की बशीतून चहा प्यायचा.

"शोधू नका शेठ. नाहीच आहे."

"काय नाही?"

"सीडी. गेम आता वायरीतून येणार. इंटरनेटवर पैसे भरायचे, गेम यंत्रात उतरवून घ्यायचा. डायरेक्ट."

"डायरेक्ट म्हणजे कुणाकडून कुणाकडे?"

"कंपनीकडून गिऱ्हाइकाकडे."

"आणि मी खंय?" जितेंद्र म्हणाला. कोल्हापूरच्या माणसाशी तो कचेरीतलं मराठी बोलत असे. मधूनच मालवणी निसटली, म्हणजे आत कुठला तरी स्क्रू सैल झाला असं समजायचं. "मी कुठे?" त्याने दुरुस्त केलं.

"तुम्ही आहात की राव! यंत्र तुम्हीच विकणार." रविराजने बशी ठेवली. "हे एक ठेवून जातो, तीन गेम आतच भरून आणलेत. पुढच्या खेपेला सहा घ्यायची, दिवाळीभर शोकेसमध्ये पुढच्या बाजूला मांडायची. नाही घेतली तर..." त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. छतापलीकडे, दुकानाच्या कपाळावर, कंपनीचा रात्री पेटणारा निळा बोर्ड होता. "साहेब म्हणतात, कणकवलीचा एक जण तयार आहे."

रविराजची गाडी बाजाराच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली तरी 'मी कुठे?' हा प्रश्न काउंटरवर तसाच बसून होता. जितेंद्र स्वतःबद्दल शंका घेणाऱ्यांपैकी नव्हता. शंका ही त्याच्या मते दुरुस्तीला आलेल्या वस्तूत असते. दुरुस्त करणाऱ्याने ती आपल्या अंगाला लावून घ्यायची नसते. 'सिंधुसागर रेडिओज' ही पाटी त्याने रंगवली तेव्हा रेडिओ संपत आले होते, टेपरेकॉर्डर दुरुस्तीला धरले तेव्हा टेप संपत आल्या होत्या, आणि तरी दुकान संपलं नव्हतं. कारण एक वस्तू बुडायच्या आत त्याने दुसरीत पाय टाकलेला असायचा, होडीतून होडीत उतरावं तसा. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात त्याने मुंबईहून टीव्हीला जोडायचे चार व्हिडिओ गेम आणले, पिवळ्या कॅसेटींसकट. कॅसेटीवर छापलेलं असायचं: नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. जितेंद्रने अख्खा दिवस बसून मोजले. सात होते. तेच सात, रंग बदलून, नाव बदलून, पुन्हापुन्हा. त्याने प्रत्येक कॅसेटीवर चिकटपट्टी लावून पेनने '७' लिहिलं आणि भाव तोच ठेवला. बाकी जिल्हा नऊ हजार विकत होता. मालवणात सात खपले ते त्यापेक्षा जास्त. प्रामाणिकपणा हाही एक माल आहे आणि बाजारात त्याचा नेहमी तुटवडा असतो, हे त्याला तेव्हा कळलं. आठ वर्षांनी कंपनीने निळा बोर्ड दिला तो जिल्ह्यातला पहिला. बोर्ड पेटला त्या संध्याकाळी सुगंधा, त्याची बायको, रस्त्यापलीकडे उभी राहून बराच वेळ बघत होती आणि मग म्हणाली होती, "बरो दिसता. फक्त तुझा नाव तेच्यात बारीक झाला." ते खरं होतं, कंपनीच्या नावाखाली 'सिंधुसागर' मुंगीएवढं होतं. पण मुंगी साखरेशेजारी असली म्हणजे कुणी तिची कीव करत नाही.

धंद्याचं खरं इंगित त्याला सीड्या आल्यावर उमगलं. यंत्रात नफा नसतो. कंपनी ज्या भावात देते, जवळपास त्याच भावात ते द्यावं लागतं, वर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन टीव्हीला जोडून, आवाज का येत नाही याचं उत्तर देऊन, तिथला चहा नको नको म्हणत पिऊन यावं लागतं. हे सगळं हसतमुखाने करायचं, कारण ज्या घरात यंत्र गेलं ते घर पुढची चार वर्षं सीडीसाठी येत राहणार. भटजींचं घर काही लग्नावर चालत नाही. लग्नामागून येणाऱ्या बारशांवर आणि सत्यनारायणांवर चालतं. त्यात जितेंद्रने रविवारची अदलाबदल काढली. खेळून झालेली सीडी आणा, वर थोडं काही ठेवा, दुसरी न्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, आणि दर्यावर उभी जिंदगी काढलेले दांडगे बाप्ये घरात बसून बायकांना नकोसे होतात; त्या दोन महिन्यांत दुकानात रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. सत्यवान, ट्रॉलर हाकणारा पन्नाशीचा तांडेल, जो जन्मात कधी मोटारीच्या चाकामागे बसला नव्हता, तो शर्यतीच्या गेममध्ये सगळ्या वाडीला हरवायचा, वळण कसं घ्यायचं विचारलं तर म्हणायचा, "लाट इली असा समजाचा." जितेंद्र सीडीवरच्या ओरखड्यांवरून घर ओळखायचा. गोल ओरखडे म्हणजे यंत्र हललंय, घरात भांडण आहे. आडवे ओरखडे म्हणजे सीडी लुंगीला पुसलीय. कुस्तीच्या गेमच्या डबीत एकदा पेडव्याचं खवलं निघालं. त्याने ते काढलं नाही. पुढचं गिऱ्हाईकही मासेवाल्यांपैकीच होतं. गावाची गुपितं डॉक्टरला आणि पोस्टमनला ठाऊक असतात असं म्हणतात. डॉक्टर आणि पोस्टमन दोघेही रविवारी त्याच्याकडे येत.

दुपारी बाजार पेंगायला लागला तेव्हा तो उठून पायरीवर आला आणि नकळत त्याने वर पाहिलं. टेलिफोनची तार खांबावरून खांबावर, कौलांवरून, त्याच्या बोर्डाच्या वीतभर वरून गेली होती. इतकी वर्षं ती तिथे होती आणि त्याने तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं, जसं आपण आपल्या कानाकडे पाहत नाही. आता त्या तारेतून फुटबॉल जाणार, कुस्ती जाणार, मोटारी जाणार, त्याच्या डोक्यावरून, घरोघर. आणि खाली उभ्या माणसाला त्याचा वारादेखील लागणार नाही. त्याच्या तळपायांना गुदगुल्या झाल्यासारखं झालं. ही गुदगुली त्याच्या ओळखीची होती. ओल्या वाळूत उभं राहिलं आणि लाट परत फिरली की पायाखालची वाळू अशीच सरकते. माणूस जागच्या जागी असतो, आणि तरी त्याला वाटतं आपणच मागे चाललो. लहानपणी तो असा तासन्‌तास उभा राहायचा, आणि वर त्याचा बाप, भिकाजी, रापणीची दोरी ओढत असायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. दोन्ही टोकांना वीस-वीस माणसं, तास-दोन तास ओढायचं. आणि तिचा कायदा एकच: दोरीला ज्याचा हात लागला त्याचा वाटा पडला. मग तो वाडीतला असो, वाटसरू असो. एकदा पांढरी पॅन्ट घातलेला एक पाहुणा गंमत म्हणून पाच मिनिटं लोंबकळला, फोटो काढून घेतला आणि चालू लागला. भिकाजी मासळीचा वाटा घेऊन त्याच्यामागे पळत गेला होता. "आमका नको," पाहुणा म्हणाला असेल, कारण बाप परत आला तो रागाने लाल. "नको म्हणता! दोरीक हात लावलो आणि नको म्हणता! मगे हात कित्याक लावलो?" बापाच्या दृष्टीने वाटा न देणं हे पाप होतंच, पण वाटा न घेणं हा उर्मटपणा होता. जितेंद्र पायरीवर उभा राहून विचार करत होता की यंत्राच्या दोरीला हात त्याचाच. घरात ते तोच नेतो, बायकांची समजूत तोच घालतो, जोडणी तोच करतो. आणि जाळं वाळूला लागलं, मासळी उड्या मारायला लागली की त्याच्या नावाचा ढीगच नाही. पाच मिनिटं लोंबकळलेल्या पांढऱ्या पॅन्टीला होता. त्याला नाही.

"मगे नको म्हण आणि सूट," दुपारी जेवताना सगळं ऐकून सुगंधा म्हणाली. तिने त्याच्या ताटात सोलकढी वाढली.

"बोर्ड नेतले."

"नेऊंदे. तेच्या खिळ्यांतसून पाणी झिरपता. भित फुगली असा."

"सुगंधा, जिल्ह्यातलो पयलो बोर्ड तो."

"पयलो होतो मां? मगे तो काढलो तरी पयलोच रवतलो." ती ताटावर बसली. "तुका भय कसला वाटता ता सांग. बोर्डाचा, की लोक येवचे नाय तेचा?"

जितेंद्रने बांगड्याचा काटा फार काळजीपूर्वक काढला. भय हा शब्द त्याच्यासाठी नव्हता. पण तो शब्द ताटाशेजारी येऊन बसला तर त्याला उठवायचा कसा, हेही त्याला सुचेना. बोर्ड गेला तर लोक म्हणतील दुकान बुडालं, आणि लोक म्हणाले की रविवारी पायरी चढायची नाहीत. बोर्ड ठेवला तर लोक एकदा यंत्र नेतील आणि पुन्हा रविवारी पायरी चढायची नाहीत. दोन्ही वाटा त्याच रिकाम्या रविवारी जाऊन मिळत होत्या. दुकानात बसलेला तो आणि कुणी न आलेलं, हे चित्र त्याने पाहिलं आणि ते चित्र काढणाऱ्याला हात नीट जमला नाही असं ठरवून बाजूला ठेवलं.

त्याच संध्याकाळी सत्यवान आला. त्याच्या ट्रॉलरला बांगडा भरपूर लागला होता आणि अंगाला तो वास एखाद्या पदकासारखा होता. शोकेसमधलं नवं यंत्र त्याने हातात घेतलं, गाडी चालू केली, दोन वळणं घेतली, आणि "ह्या माका व्हया" म्हणाला. जितेंद्रने त्याला सगळं सांगितलं. यात सीडी जात नाही. तीन गेम आहेत, चौथा हवा तर इंटरनेट लागेल, बँकेचं कार्ड लागेल. चिकटपट्टीवर '७' लिहिणारा हात अजून शाबूत होता. "अरे, तीन म्हणजे खूप झाले," सत्यवान म्हणाला. "माका बायल एक असा, ता पण खूप झाला." आणि यंत्र घेऊन गेला. जितेंद्रला विकण्याचा आनंद झाला नाही; पाहुण्याला निरोप देताना हा परत येणार नाही हे कळावं तसं झालं.

पण दहाच दिवसांनी, रविवारी, सत्यवान पायरीवर हजर. हात रिकामे.

"जितू, तेच्यातसून गेम भायर कसो काढूचो?"

"येना नाय भायर."

"येना नाय कसो? शिवान फुटबॉल मागल्यान. माझो मेवणो तो. सीडी आसती तर सीडी दिली आसती. नाय म्हणूचा कसा? घरात भयण दिलंय त्यांच्या."

"मगे काय केलंस?"

"काय करतलंय! यंत्रच दिलंय. दोन दिवसांसाठी." सत्यवानने डोकं खाजवलं. "शिवाकडसून ता धुरीवाड्यात बाबलीकडे गेला. बाबलीची बायल खेळता म्हणे, भात करपयता. थंयसून आणखी चार घरां फिरला. आता ता देवगडाक गेला."

"देवगडाक? कोणाबरोबर?"

"आमच्याच ट्रॉलरार! मी सुटी घेतलंय आणि यंत्र कामार गेला!"

जितेंद्र हसायला लागला. पोटातून, काउंटरला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सत्यवान आधी रागावला, मग तोही हसला, मग "मेल्या, माझा हसा होता आणि तू हसतंस" म्हणून पुन्हा रागावला. तो गेल्यावरही जितेंद्र थांबून थांबून हसत होता, आणि हसता हसता त्याला एकदम स्पष्ट दिसलं, पाणी निवळून तळाचे दगड दिसावेत तसं. या किनाऱ्यावर मिळालेली गोष्ट एका घरात राहत नाही. बांगडा लागला की वाडगा शेजारी जातो, फणस कापला की गरे पलीकडे जातात. गेम तरी त्याला अपवाद कसा असणार? सीडी घरोघर फिरायची, आणि ज्या घरात सीडी पोचली आणि यंत्र नव्हतं त्या घराला महिन्याभरात यंत्र घ्यावं लागायचं. एका फुटबॉलच्या सीडीने एकट्या दांडी वाडीत पाच यंत्रं ओढून आणली होती. आता गेम यंत्रात कोंडला, तर लोक यंत्रच फिरवणार. सात घरं खेळली आणि यंत्र खपलं एक. कंपनीने दुकानदाराला वगळायला कुलूप घातलं आणि कुलपासकट पेटी गावाने खांद्यावर घेतली. परदेशातल्या कुठल्या तरी उंच इमारतीत बसून ज्या हुशार माणसाने हे ठरवलं, त्याला मेव्हणा नसणार, अशी जितेंद्रची खात्री पटली.

गुरुवारी रविराज आला तेव्हा चहा तयार होता. जितेंद्रने त्याला दोरीचा कायदा सांगितला, मग सहा यंत्रं का नकोत याचा सात घरांचा हिशोब सांगितला, शुद्ध मराठीत, एकही स्क्रू सैल न होऊ देता.

"पण लोकांनी यंत्र असं द्यायचं नसतं हो," रविराज म्हणाला. "प्रत्येकाने आपापलं घ्यायचं. तशी पद्धत आहे."

"मग ती पद्धत कागदावर लिहून द्या. मी दांडीवर जाऊन वाचून दाखवतो. तुम्ही मागे उभे राहा, मात्र चप्पल हातात ठेवा. वाळूत पळता येत नाही."

रविराज हसला आणि त्याने चहा बशीत ओतला. "कुठे बोलू नका, शेठ. कोल्हापुरात चौघे नाही म्हणालेत. म्हणतात, एकदा विकून रामराम ठोकायचा तर शोकेसची काच पुसायची कशाला? पण त्यांची दुकानं मोठी. तुमचा बोर्ड मला काढायला लागेल. साहेबांचा हुकूम."

"काढा."

"आणि आज ना उद्या सगळीच यंत्रं अशी येणार. हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"येतील," जितेंद्र म्हणाला. हे म्हणताना तळपायांना पुन्हा तीच गुदगुली झाली, आणि ती त्याने होऊ दिली. "त्या दिवशी मी काय म्हणेन ते त्या दिवशी बघू. आज नाही म्हणतो."

शिडी लावून दोन माणसांनी बोर्ड उतरवला. आतून चार मेलेले किडे, एक जिवंत पाल आणि बरंचसं पावसाचं पाणी निघालं. उन्हाने करड्या झालेल्या भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. शुक्रवारी बाजारातल्या प्रत्येकाने त्याची चौकशी केली, आजाऱ्याची करतात तशी, हळू आवाजात आणि उत्सुकतेने. जितेंद्र प्रत्येकाला "भित सुकत घातलंय" असं सांगत होता.

रविवारी नऊला त्याने दुकान उघडलं. अदलाबदलीच्या डब्या काउंटरवर मांडल्या. दहा वाजले. डॉक्टर समोरून गेले, हात केला, थांबले नाहीत. त्यांच्या हातात मटण होतं, मटणाची घाई असते. साडेदहाला पोस्टमन दिसला आणि पलीकडच्या गल्लीत शिरला. सत्यवानची सुटी संपून तो आता यंत्राच्या मागोमाग देवगडला होता. अकरा. जितेंद्रने डब्या पुन्हा मांडल्या, नावांच्या क्रमाने. मग रंगांच्या. त्याला ते चित्र आठवलं, दुकानात बसलेला तो आणि कुणी न आलेलं, आणि आज चित्रकाराचा हात बराच सुधारलेला दिसला. तरी त्याला घाई नव्हती. दोरी ओढताना जाळं कितीतरी वेळ काहीच सांगत नाही. रिकामं जाळंही ओढताना जडच लागतं. जो मधेच सोडून बघायला जातो त्याला कधीच कळत नाही.

साडेअकराला एक अनोळखी बाई पायरीशी थांबली. पंचविशीची, खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम, आणि सकाळपासून एसटीत बसल्याच्या खुणा सगळ्या ओढणीभर.

"सिंधुसागर ह्याच मां? बोर्ड सोदून सोदून दमलंय. मगे एका मावशीन सांगल्यान, भितीर पांढरो चौकोन दिसतलो, थंय."

"ह्याच. खंयसून इलंस?"

"दोडामार्गसून. उर्वशी नाव माझा. गोव्यात कंपनीत कामाक जातंय." तिने पिशवी काउंटरवर ठेवली, ती ठेवल्याचा आवाज जड होता. "म्हापशाक एकाकडे बदलून घेय होतंय. तेणा गेल्या म्हयन्यात सगळ्यो सीड्यो काढल्यान, आता मोबाइलची कव्हरां इकता. म्हणालो, आता सगळा वायरीतसून येतला. आमच्याकडे वारो इलो तरी फोन बंद पडता, वायरीतसून काय येतला? कपाळ?"

जितेंद्रने आपल्या डब्या बाजूला सारून जागा केली. पिशवीतून डब्या बाहेर येत होत्या, एकावर एक, नीट पुसलेल्या, कोपरे शाबूत. त्यातल्या कितीतरी त्याने पाहिलेल्यासुद्धा नव्हत्या. ती मध्येच थांबली. एक डबी हातात तशीच धरून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तो पण म्हणालो होतो, काय बंद करूचंय नाय म्हणान. तुमी किती दिवस चालवतलास? खरा सांगा. दोन एसटी बदलून येवचा लागता माका."

खरं सांगायचं तर त्याला ठाऊक नव्हतं. डोक्यावरून तार गेली होती, तिच्यातून आज काही येत नव्हतं, उद्याचं कुणी सांगावं? हे सगळं तो बोलला असता. पण त्याची नजर डब्यांच्या उतरंडीवर होती आणि ओठ आपोआप हलत होते.

"किती हाडलंस?"

"एकतीस."

"आयतवारी एक बदललंस, तर एकतीस आयतवार झाले. तितके तरी खरे."

तिने मनात काहीतरी मोजलं. "आणि बदलून नेल्ली खेळान झाली, की ती परत हाडली तर?"

जितेंद्रने काउंटरखालचं स्टूल पायाने पुढे सारलं.

"तर मगे बस," तो म्हणाला. "ह्यो हिशोब उभ्यान होवचो नाय."